बस म्हणेपर्यंत

दादाने ट्रफल मागितलं तेव्हा मी पायातले मोजे काढत होते. पहाटे पाचपासून दुपारी तीनपर्यंत उभं राहिलं की मोज्यांच्या कडा पोटरीत रुततात आणि ते अक्षरशः सोलून काढावे लागतात. अशा वेळी माझ्याकडे कुणी चहाचा कपसुद्धा मागू नये. आणि या गृहस्थाने मागितलं काय, तर ट्रफल. मी म्हटलं, चंद्र हवाय का, तोही आणते येताना.

दादा हसला नाही. खिडकीशी बसून होता, बाहेर बघत. म्हणाला, "एकदाच, म्हातारे. सोमवारच्या आत."

मला तो म्हातारी म्हणतो ते मी सहा वर्षांची असल्यापासून. तेव्हाही मी कुरकुरत असायचे म्हणे. आता त्रेपन्न वर्षांची झाले, केस पांढरे झाले, तेव्हा निदान शोभतं तरी.

सोमवार म्हणजे काय ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. दादाच्या नाकाच्या मागे गाठ निघाली होती आणि सोमवारपासून तिला किरणांचा शेक द्यायला सुरुवात होणार होती. सहा आठवडे, रोज. डॉक्टरीणबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, की गाठ आटोक्यात येईल अशी आशा आहे, पण वास आणि चव दोन्ही जातील. परत येतात कुणाकुणाची, महिन्यांनी, वर्षाने. कुणाची नाहीही येत. दादाने तेव्हा मान डोलावली होती, एखाद्या पाहुण्याने सूप परत पाठवल्यावर डोलावत असेल तशी.

दादा एकतीस वर्षं एका मोठ्या हॉटेलात वेटर होता. लग्न केलं नाही, घर केलं नाही. निवृत्त झाला आणि एक बॅग घेऊन माझ्या दोन खोल्यांत राहायला आला, त्याला चार वर्षं झाली. माझा नवरा त्याआधीच देवाघरी गेला होता, त्यामुळे खाट रिकामीच होती. मी काम करते इस्पितळाच्या स्वयंपाकघरात. म्हणजे दोघंही आयुष्यभर लोकांना खायलाच घालत आलो. फरक एवढाच, की त्याचे लोक पैसे मोजून यायचे आणि माझे लोक इलाज नाही म्हणून.

ट्रफल म्हणजे झाडांच्या मुळांशी, जमिनीखाली वाढणारी एक अळंबी. काळी, खडबडीत, ढेकळासारखी. कुत्री वासावरून शोधून काढतात. दिसायला बघाल तर कुणी फुकट दिली तरी घेणार नाही, आणि भाव विचाराल तर घाम फुटेल. दादाच्या हॉटेलात ती चांदीच्या ताटलीत, काचेच्या झाकणाखाली यायची. पाहुण्यासमोर झाकण उचलायचं, आणि एका लहानशा किसणीवर तिचे कागदासारखे काप पाहुण्याच्या जेवणावर पाडायचे. हे काम दादाचं. एकतीसपैकी एकोणीस वर्षं त्याच्याशिवाय कुणी त्या किसणीला हात लावला नाही. टेबलावर जायच्या आधी ट्रफलचं वजन व्हायचं आणि आल्यावर पुन्हा. टेबलाच्या चादरीवर पडलेला कापसुद्धा मुदपाकखान्यात परत न्यावा लागे. दादाबरोबरच्या एकाने असा पडलेला काप तोंडात टाकला, तर दुसऱ्या दिवशी त्याचा डबा आणि चपला दाराबाहेर होत्या.

"वास मला पाठ आहे," दादा म्हणाला. "झोपेत ओळखेन. पण लागते कशी ते माहीत नाही."

मी सरळ नाही म्हटलं. म्हटलं, तुझ्या औषधांना, रोजच्या जाण्यायेण्याला काय लागणार आहे त्याचा हिशेब लाव आधी. तो बरं म्हणाला. भांडला असता तर बरं झालं असतं, मलाही चार शब्द जास्त बोलता आले असते. तो नुसता बरं म्हणाला आणि माझे मोजे उचलून धुवायच्या बादलीत टाकले.

दुसऱ्या दिवशी कामावर मी ताटं लावत होते. आमच्याकडे प्रत्येक ताटावर चिठ्ठी असते. मीठ बंद. साखर बंद. तिखट बंद. पातळ. अगदी पातळ. बावीस वर्षं मी या चिठ्ठ्या वाचून ताटं भरते. दुपारी ताटं परत येतात तेव्हा निम्म्यांतलं अन्न तसंच असतं, आणि ते खरवडून टाकायचं कामही आमचंच. त्या दिवशी खरवडता खरवडता माझ्या डोक्यात आलं, की बावीस वर्षांत माझ्याकडे कुणी एकदाही अमुक करून घाल म्हणून मागितलेलं नाही. डॉक्टर लिहितात, मी करते, लोक टाकतात. आणि आता एकाने तोंड उघडून मागितलं, तर मी त्याला हिशेब शिकवला. माझी मलाच लाज वाटली. राग तर आलाच, तो कायम हाताशी असतो.

शुक्रवारी सुटल्यावर पाय ओढत त्या दुकानात गेले. परदेशी मालाचं दुकान, आत गारवा, फरशी इतकी चकचकीत की माझे बूट बघून मलाच ओशाळल्यासारखं झालं. काउंटरवर एक मध्यमवयीन बाई होती, गळ्यात चष्मा लटकवलेला. मी ट्रफल म्हटल्यावर तिने मला आधी तेलाची बाटली दाखवली. छोटी, सोनेरी झाकणाची. परवडणारी. मनात आलं, घ्यावी आणि सुटावं. पण दादाने मला बजावलं होतं, की त्या तेलातल्या बहुतेक बाटल्यांत ट्रफल औषधालाही नसतं, नुसता वास घातलेला असतो. मी म्हटलं, तेल नको, खरं दाखवा.

तिने फडताळातून डबा काढला. हिवाळी ट्रफलचा भाव ऐकून मी डबा तिच्याकडे सरकवला. मग उन्हाळी होतं, त्याचा वास कमी, भावही कमी, पण तेही माझ्या आवाक्यात नव्हतं. मी निघाले नाही. का ते माहीत नाही, बहुधा पायांत निघायचं बळ नव्हतं. बाईने माझ्याकडे बघितलं, माझ्या बाहीवरचा इस्पितळाचा बिल्ला बघितला आणि विचारलं, कुणासाठी. मी सांगितलं. एरवी मी परक्यांना घरचं सांगत नाही.

तिने आतून एका वाटीत एक आणलं. हिवाळीच, लिंबापेक्षा लहान. एका बाजूने कापलेलं. कुणा गिऱ्हाइकाला आतून बघायचं होतं म्हणून कापलं आणि मग त्याने घेतलंच नाही. कापलेलं पूर्ण भावाने जात नाही, आणि दोन-तीन दिवसांत त्याचा दम जातो. सोनाराच्या असतो तसल्या काट्यावर तिने ते तोललं आणि भाव निम्म्याच्याही खाली आणला. तरी माझा तीन दिवसांचा पगार गेला. पैसे देताना हात आखडला, खोटं कशाला बोलू. बाईने ते कागदात गुंडाळता गुंडाळता सांगितलं, की घरी गेल्यावर बरणीत अंडी ठेवा, त्यातच हे ठेवा, झाकण घट्ट लावा. अंड्याच्या कवचातून वास आत जातो. दोन दिवसांनी अंडी फोडाल तर ट्रफल न घालताही ट्रफलची लागतात. म्हणजे एका दमडीत दोनदा जेवण. ही बाई मला आवडली.

घरी आल्या आल्या सवयीने ते नळाखाली धरायला निघाले. आमच्या स्वयंपाकघरात मातीतून आलेली वस्तू औषधाच्या पाण्यात बुडवल्याशिवाय आत येत नाही. दादा खुर्चीतून असा उठला, की मला वाटलं पडतोय. पाणी लावायचं नसतं म्हणाला. मग दात घासायचा नवा ब्रश काढला आणि अर्धा तास बसून त्याने ती गोळी घासली, एकेका खाचेतून माती काढत. इतका आनंदात तो गेल्या दोन महिन्यांत दिसला नव्हता. मग कागदात गुंडाळून, सहा अंड्यांच्या मध्ये, बरणीत. कागद सकाळ-संध्याकाळ बदलायचा, ओल धरू द्यायची नाही. ते त्याने अंगावर घेतलं.

पण बरणी आमची जुनी, झाकण जरा ढिलं. शनिवारी सकाळपर्यंत दोन्ही खोल्यांत वास भरला. काय वास होता सांगू. आधी मला वाटलं काही तरी नासलं. मग वाटलं नाही, ओली माती आहे, लसूण आहे, कुणाच्या तरी अंगाचा वास आहे. शेजारच्या काकू दार वाजवून विचारायला आल्या, की तुमचा गॅस गळतोय का. दादा दारातच उभा होता. चेहरा सरळ ठेवून म्हणाला, "छे हो काकू, मला तर काहीच वास येत नाहीये." मी आत तोंडात पदर कोंबून हसले. म्हटलं काय हा माणूस, तिला चकवतोय.

रविवारी मी सुट्टी घेतली होती. बारा वाजता स्वयंपाकाला लागलो. म्हणजे मी लागले, दादा दारात उभा राहून हुकूम सोडत होता. पातेल्यात पाणी उकळायचं, त्यावर वाटगा, वाटग्यात लोणी आणि फेटलेली अंडी, आणि मंद आचेवर सारखं ढवळायचं. घट्ट होऊ द्यायची नाहीत. इथे आमचं जुंपलं. मी बावीस वर्षं अंड्यात उष्णतामापक खुपसत आले. आमच्याकडे ओलसर अंडं वाढलं तर माझी नोकरी जाईल. तो म्हणत होता काढ आता, मी म्हणत होते कच्चं आहे. तो म्हणाला, एकतीस वर्षं मी हे ताट उचललंय, मला माहीत आहे ते कसं दिसतं. मी म्हटलं, दिसतं ते माहीत आहे ना, मग गप्प बस, शिजवायला मी आहे. शेवटी मधेच उतरवलं. त्याला वाटलं त्याचं ऐकलं, मला वाटलं माझं.

दोन ताटल्या भरल्या. त्याच्या ताटलीत मी मीठ जरा सढळ हाताने घातलं, आज चिठ्ठी कुणाची नव्हती. पाव भाजले. म्हटलं, बस, आता घेऊ दोघांत अर्धं अर्धं. पण दादा बसला नाही. त्याने मला खुर्ची मागे ओढून दिली. डाव्या हातावर धुतलेला पंचा नीट घडी करून टाकला. चांदीची किसणी कुठली असायला, बटाटे सोलायचं सोलाणं होतं. ते आणि ट्रफल घेऊन तो माझ्या उजव्या खांद्याशी येऊन उभा राहिला. पाठ एकदम ताठ. हा माणूस सकाळी भिंतीला धरून मोरीपर्यंत जातो.

मी म्हटलं, काय नाटक आहे, अंडी निवतील. त्याने ऐकलं नाही. सोलाणं फिरवलं आणि पहिला काप माझ्या अंड्यांवर पडला. पातळ, आत पांढऱ्या नक्षीचा. ऊन अंड्यावर पडल्या पडल्या वास वर आला. दुसरा पडला, तिसरा पडला. मी गप्प बसून होते. मला वाटलं, माझं झालं की तो स्वतःच्या ताटलीवर घेईल. त्याच्या धंद्यात मी कशाला बोलू. आणि खरं सांगायचं तर बरं वाटत होतं. माझ्या खांद्याशी उभं राहून मला कुणी वाढतंय, हे मला आठवतं तेव्हापासून कधी घडलं नव्हतं. कापांवर काप पडत राहिले. अंडी दिसेनाशी झाली. मग मी वर बघितलं, तर त्याच्या बोटांत काही उरलं नव्हतं. शेवटचा तुकडा त्याने नखाने चुरडून माझ्या ताटलीवर टाकला.

मी ओरडलेच. म्हटलं, हे काय केलंस, सगळं इथेच संपवलंस, तुझं कुठाय.

"पाहुणा बस म्हणेपर्यंत हात थांबवायचा नसतो," दादा म्हणाला. "तू म्हणालीच नाहीस."

मला काय ठाऊक असले नियम. तीन दिवसांचा पगार, दोन दिवसांची बरणीची राखण, उद्याचा सोमवार, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं आणि माझा तोल सुटला. मी त्याला बोलले. अक्कल गहाण ठेवलीस का, म्हटलं. आणि चमच्याने अर्धे काप उचलून त्याच्या ताटलीत ढकलायला लागले. त्याने माझं मनगट धरलं.

"नको, म्हातारे. मला वास येत नाही. दहा दिवस झाले."

चमचा माझ्या हातात तसाच राहिला. तो आता बसला, समोर. म्हणाला, आधी येत-जात होता. बुधवारी तुला म्हटलं तेव्हा वाटलं होतं, एखाद्या दिवशी येईल परत. तू ते घरी आणून कागद सोडलास तेव्हा कळलं की नाही येणार. पण तू इतकं करून आणलं होतंस. शुक्रवारी घासताना त्याचा एक कपचा निघाला होता, तो खाऊनही पाहिला. खडू चावल्यासारखं लागलं.

म्हणजे काकूंना तो खरंच सांगत होता. आणि मी आत हसत होते. मी म्हटलं, निवतंय.

"तू खा," तो म्हणाला. "आणि मला सांग कसं लागतं. एकतीस वर्षं लोक माझ्यासमोर खायचे. वेटरने विचारायचं नसतं. आता तुला विचारतो."

मी पहिला घास घेतला.

कसं सांगू. मी काही खाण्यातली दर्दी नाही, उरलंसुरलं उभ्याने खाऊन दिवस काढलेली बाई आहे. पण तो घास तोंडात गेला आणि मला खाली बसल्यासारखं वाटलं. बसलेलीच होते, तरी. लोणी, अंडं, आणि मागून ते, गोडसर, खोल, नाकातून वर जाणारं, गिळल्यावरही न जाणारं. आपल्याला आजवर भूक लागत होती ती वेगळीच होती, असं वाटलं. डोळे आपोआप मिटायला निघाले.

ते मी मिटू दिले नाहीत. कारण समोर दादा होता. दोन्ही कोपरं टेबलावर टेकून, पुढे वाकून, माझ्या तोंडाकडे बघत. डोळ्यांत इतकी आशा, की बघवेना. मला वाटलं, मी खरं सांगितलं तर हा ते घेऊन जाईल. उद्या त्या यंत्राखाली पडून राहील, सहा आठवडे, आणि ज्याच्यापाशी एकोणीस वर्षं उभा राहिला ते काय होतं, ते डोक्यात घोळवत राहील. आणि सांगितलं नाही तर निदान गमावल्यासारखं काही उरणार नाही. बरोबर केलं की चूक, मला अजून कळत नाही. तेव्हा तर विचार करायला एका घासाचाच वेळ होता.

"खरं सांगू?" मी म्हटलं. "काही नाही रे. भिजलेल्या पुठ्ठ्यासारखं लागतं."

तो बघत राहिला. "नीट खा. दुसरा घास घे."

मी दुसरा घेतला. चावला. नाक मुरडलं. "वास आहे नुसता. चव डोंबलाची."

आणि दादा हसायला लागला. आधी नाकातल्या नाकात, मग खांदे हलवून, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. म्हणाला, मला शंका होतीच. ते डोळे मिटणारे लोक, ते हळूच उसासे टाकणारे, सगळं बिलाकडे बघून केलेलं नाटक. आणि आपण बावळटासारखे मागे उभे राहून लाळ गिळत होतो. एकतीस वर्षं. एकेका पाहुण्याची आठवण काढून तो हसत होता, आणि हसता हसता त्याने त्याची साधी अंडी खायला घेतली. मीठ जाणवलं म्हणाला, तेवढं जाणवतंय अजून. पावासकट सगळं संपवलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा त्याने ताटली रिकामी केली.

मी खात होते. तोंड वाकडं करून, औषध घ्यावं तसं. टाकून दे म्हणाला, कशाला जबरदस्तीने खातेस. मी म्हटलं, पैसे पडलेत, टाकते कशाला. माझ्या आयुष्यात मी इतकं चांगलं काही खाल्लं नव्हतं आणि पुन्हा खाणारही नाही, आणि ते मी एकेक काप करून खाल्लं, रडू न येऊ देता, चेहरा आंबट ठेवून. मला आवडत होतं. तो समोर बसलेला असताना, उद्या सोमवार असताना, मला ते इतकं आवडत होतं की स्वतःची चीड येत होती. शेवटचा काप मी जिभेवर धरून ठेवला. म्हटलं, हा तरी जरा वेळ राहू दे.

दादा उठला. पंचा पुन्हा हातावर टाकला, उजव्या बाजूने आला आणि माझ्यासमोर पेला ठेवून काठोकाठ पाणी ओतलं.

"पी," तो म्हणाला, फार मायेने. "चव जाईल तोंडातली."

मी पेला उचलला आणि त्याच्यासमोर सगळं पाणी प्यायले.